पुलावर दिलेला नकार

कारा-बुलाक
१२ नोव्हेंबर २०१७

प्रिय बेशेन,

सफरचंदांची पेटी पोचली. खालची पाच-सहा दबली होती, त्यांचा सोनूननं मुरंबा केला आणि वर मला सुनावलं, "तुमचा बेशेन तिकडे तलासला बसून पेट्या पाठवतो, आणि तुमच्या हातून त्याला दोन ओळी लिहून होत नाहीत!" फोन केला होता मी. तुझ्या सुनेनं तो तुझ्या कानाला लावला आणि तू आपला "कोण? कोण बोलतंय?" करत राहिलास. शेवटी मी "कुणी नाही" म्हणून ठेवला. म्हणून आता कागद घेतलाय.

गावात नवं काही नाही. वाचनालयात नारिनहून एक मुलगी आलीय, नुरजामाल नाव. म्हाताऱ्यांच्या तोंडचं सगळं वहीत उतरवून घ्यायचं तिनं मनावर घेतलंय. गेल्या शुक्रवारी तिनं जुन्या शिकाऱ्यांना बोलावलं. शेगडी पेटवलेली, ताटभर बोरसोक तळून आणलेले. म्हणाली, "आजोबा, कोणी किती जनावरं मारली ते नको मला. मला एवढंच सांगा, शिकारीला जाण्यात तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडायचं?"

काल्मात लगेच उठला. "बायकोचा आवाज तीन डोंगर मागे राहतो. याहून मोठं सुख कोणतं?" त्याची बायको मागच्या बाकावरच होती. ती म्हणाली, "लिही पोरी, मलाही यांची शिकार फार आवडायची. चार दिवस घर कसं शांत असायचं." हसून हसून जुमादिलची कवळी निघाली. मग जुमादिल म्हणाला, पहाटे रानबोकडाच्या वाटेवर दबा धरून बसलं की बर्फावर पहिलं ऊन पडताना जो एक आवाज होतो, तो. आवाज कसला, त्याला सांगता येईना. पण आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तो आवाज आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

मग माझी पाळी आली. मी म्हणालो, "शिरालगा देणं."

पोरीला शब्द माहीत नव्हता. जुमादिलनं समजावलं, "शिकार घेऊन उतरणारा माणूस दिसला की वाटेत भेटणारा म्हणतो, शिरालगा! मग शिकाऱ्यानं त्याला वाटा द्यायचा. शत्रू असला तरी द्यायचा. नाही म्हणायची सोयच नाही." आणि मी पुढे म्हणालो, की बोकड पडतो तेव्हा आनंद होतो खरा, पण त्यात एक टोचणी असते. देताना ती नसते. घेणाऱ्याचा चेहरा बघायला मिळतो, त्यासाठी चार दिवस थंडीत मरायची तयारी असते.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या रे. पोरीनं ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी हातातला बोरसोक परत ताटात ठेवला.

तू असतास तर काय सांगितलं असतंस?

तुझा ओसमोनकुल


३ डिसेंबर २०१७

प्रिय बेशेन,

तुझं उत्तर आलं. अक्षर अजून तसंच आहे, मेंढ्या कुंपण तोडून पळाल्यासारखं.

तू लिहिलंयस, तुला सगळ्यात जास्त खाली उतरणं आवडायचं. शेवटच्या वळणावर नदीवरचा लाकडी पूल दिसायचा, पुलापाशी तुझ्या थोरल्या बहिणीचं, अनारकान एजेचं घर, आणि पोरगा असल्यापासून तुला ठाऊक असायचं की आपण तिला बघायच्या आधीच तिनं आपल्याला बघितलंय. पुढे लिहिलंयस, "ती माझ्याशी बोलायची का थांबली, हे मला या वयातही कळलेलं नाही. शेतात शेंगा सोलायला बसलो की तेच डोक्यात येतं."

ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. आठ दिवस उघडलं नाही.

तू शेवटच्या खेपेचं विचारलंयस, मला किती आठवतं म्हणून. सगळं आठवतं. पंचाण्णवचा शरद. सामुदायिक शेत मोडलं, मेंढ्या वाटल्या गेल्या आणि खाल्ल्याही गेल्या, ते साल. चार दिवस आपण वर होतो. मी सहा गोळ्या घालवल्या आणि सहाही दगडाला लागल्या. तू दोनच झाडल्यास, दोन रानबोकड. तू मला एका शब्दानं चिडवलं नाहीस. उलट म्हणालास, "तुझ्या आवाजानं ते माझ्याकडे पळाले, निम्मी शिकार तुझी."

उतरताना तुझा घोडा लंगडायला लागला. खालची वाट दगडांची. तू म्हणालास, "मी याला मेंढपाळांच्या वरच्या रस्त्यानं हळूहळू घेऊन येतो. मांस तुझ्या घोड्यावर टाक. वाटेत कोणी भेटलं तर हात आखडू नकोस." आणि मी हात आखडला नाही, बेशेन. मेंढपाळ इस्माइलला एक फरा दिला. शेण्या गोळा करणाऱ्या दोघी भेटल्या, त्यांना बरगड्या. शाळेच्या मास्तरांना खांदा. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यांना सहा महिने पगार नव्हता. पहिला बोकड असा वाटेतच संपला आणि मी राजासारखा घोड्यावर बसलो होतो. मारणारा तू, देणारा मी.

त्यानंतर वाटेत कोणी भेटलं नाही. सरळ घरी आलो.

सोनून विचारते, इतकी पत्रं कुणाला, निवडणुकीला उभे राहताय की काय.

ओसमोनकुल


२८ डिसेंबर २०१७

बेशेन,

हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि तूच वाच.

मागच्या पत्रात लिहिलं की त्यानंतर कोणी भेटलं नाही. ते वाक्य मी दोनदा खोडलं होतं आणि तिसऱ्यांदा लिहून पाकीट चिकटवलं. खोटं आहे ते.

पुलावर अनारकान एजे उभी होती.

तिनं आपल्याला दुपारीच वरच्या चढणीवर बघितलं होतं. घोड्यावर लादलेलं काय आहे, हे तिच्यापासून कोण लपवणार? सुनेला, गुलसायराला, चौथा महिना होता. पोटात पाणी ठरत नव्हतं तिच्या. आणि डोहाळे लागले होते रानबोकडाच्या मांसाचे. दुसरं काही नाव काढलं तरी ओकारी. एजेनं लांबूनच हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाली, "शिरालगा, ओसमोनकुल, शिरालगा!"

मी म्हणालो, "एजे, या खेपेला हात रिकामे."

मांस माझ्या मागे होतं, लोकरीच्या जुन्या नमद्याखाली. एक खूर बाहेर लोंबत होता. मला तो नंतर, घरी उतरल्यावर दिसला. तिला तेव्हाच दिसला असणार.

रविवारी आमच्या बुरमाला मागणी घालायला व्याही येणार होते, हे तुला आठवत असेल. घरात कोंबडीसुद्धा नव्हती. पोरीच्या सासरचे पहिल्यांदा उंबऱ्यात येणार आणि त्यांच्यापुढे काय, उकडलेले बटाटे? डोंगरातून उतरताना मनात हेच चाललं होतं. पहिला बोकड वाटताना हात थांबला नाही, कारण दुसरा शाबूत होता. पुलापाशी आलो आणि हात मुडपला गेला.

एका फऱ्यानं माझी मेजवानी बुडाली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं.

झालं ते एवढंच. तुला काय म्हणायचं ते म्हण.

ओसमोनकुल


१७ जानेवारी २०१८

बेशेन,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. "तू तिच्याशी खोटं बोललास, तर तिनं तुझा कान पिळला असता. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात येऊन तुझ्या बायकोसमोर पिळला असता. माझ्याशी का अबोला धरला? पूर्ण लिही."

तू बहिरा झालायस, पण ऐकायचं ते बरोबर ऐकतोस.

पूर्ण लिहितो.

"हात रिकामे" म्हटल्यावर तिनं नमद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग ते काय आहे?" मी पकडला गेलो. त्या क्षणी खाली उतरून सुरी काढली असती आणि "थट्टा केली एजे" म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "हा बेशेननं मारलेला आहे. तो म्हणाला, यातलं कोणालाही द्यायचं नाही. एजेनं मागितलं तरी नाही."

एजेनं मागितलं तरी नाही. हे शेवटचं कशाला जोडलं, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. कोणीही तुझं नाव घेतलेलं नव्हतं. लाज वाटत होती, ती दुसऱ्याच्या अंगावर झटकली, आणि जवळ दुसरा तूच होतास.

आता हात घातलाच आहे तर बाकीचंही ओततो.

रविवारी व्याह्यांनी मांसाची तारीफ केली. "कोणी मारला?" विचारलं. मी म्हणालो, "मी." तू समोर बसला होतास. तू माझ्याकडे बघून मिशीत हसलास आणि व्याह्याला म्हणालास, "याचा नेम म्हणजे काय विचारू नका." माझं खोटं तू झाकलंस. माझ्या अब्रूसाठी. तीन दिवसांपूर्वी मी तुझ्या अब्रूचं काय केलं होतं, ते तुला ठाऊक नव्हतं.

मग जानेवारीत तुझ्या मुलाचं लग्न झालं आणि एजे आली नाही. तू मला पाठवलंस, "जा, विचार, माझं काय चुकलं." मी गेलो. तुला येऊन सांगितलं, "बायकांचा राग आहे, आपोआप उतरेल." तिथे खरं काय झालं ते ऐक. तिनं मला चहा दिला, ताजी नान मोडून पुढे ठेवली. मग विचारलं, "त्यानं पाठवलं का तुला?" मी म्हणालो, "नाही, मी आपला आलो." तिनं मान हलवली आणि चहा पुन्हा भरला.

बेशेन, "हो" एवढंच म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर तुम्ही दोघं एका सतरंजीवर बसला असता, आणि पहिल्याच पेल्याला माझं बिंग फुटलं असतं.

चार वर्षांनी तू गाव सोडलंस. लोक म्हणाले, मुलाकडे गेला, तलासला जमीन चांगली. मला कारण माहीत होतं. पुलावरून रोज जायचं आणि त्या घराच्या खिडकीचा पडदा रोज ओढलेला बघायचा, हे तुला सोसेना.

आणि २००९ साली तिच्या मातीला तू आलास. उंबऱ्याशी काठीवर वाकून रडत होतास, मोठ्या माणसानं रडू नये इतकं. मग मला बाजूला घेतलंस. "ओसमोन, तू इथंच असतोस. शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?" मी म्हणालो, "नाही. काही नाही." आणि तुला धरून मीही रडलो. लोक म्हणाले, असा मित्र मिळायला भाग्य लागतं.

आता तू पूर्ण वाचलंस. सोनूनलाही काल सांगितलं. तिनं माझं अंथरूण दुसऱ्या खोलीत टाकलंय.

क्षमा मागणार नाही. मागण्याइतकं तोंड नाही.

ओसमोनकुल


११ मार्च २०१८

बेशेन,

पन्नास दिवस टपालवाल्याची वाट बघितली. रोज वाटायचं, आज शिव्या येतील. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काल तुझं पत्र आलं. शिवी नाही, माफी नाही. एवढंच, "तू कागदावर मला सांगितलंस. तिच्या घरी जाऊन तोंडानं सांग. मग ती पुलावर तुला जे जे बोलली ते शब्द न् शब्द लिहून पाठव. तुझं काही लिहू नकोस, तिचंच लिही. माझ्याकडे तिचं शेवटचं काही नाही."

आज सकाळी गेलो. बर्फ वितळून वाटेवर चिखल झाला होता, दोनदा पडता पडता वाचलो. गुलसायरा गोठ्यात होती. म्हणाली, "या आक्साकाल, आत चला." मी म्हणालो, "आत नको. आधी ऐकून घे, मग आत घ्यायचं का ते ठरव." आणि गाईच्या शेजारी उभा राहून सगळं सांगितलं. तिनं दूध काढणं थांबवलं नाही. बादली भरत आली तेव्हा बोलली.

"सासूबाई त्या दिवशी घरी आल्या आणि म्हणाल्या, शिकारी रिकाम्या हातानं आले गं, बिचारे. रविवारी तुमच्याकडून मांसाचा वास आला. मी विचारलं तर म्हणाल्या, ती मेंढी असेल. भावाचं नाव त्यांनी कोणापाशी खाली येऊ दिलं नाही. माझे डोहाळे आठ दिवसांनी गेले, मी बटाटे खायला लागले. पोरगी चांगली चार किलोची झाली. ते मांस मी तर विसरूनही गेले होते, आक्साकाल. पण माझ्या लग्नात ज्या मामांनी मला उंबऱ्यावर उचलून घेतलं होतं, ते मातीचा दिवस सोडला तर पुन्हा कधी या घरी आले नाहीत. माझ्या मुलांना मामाआजोबा काय ते माहीत नाही. ते नातं कोणी खाल्लं?"

मग तिनं बादली उचलली आणि आत गेली. दार लावलं नाही, पण मला आत ये म्हणालीही नाही. मी परत फिरलो. येताना वाचनालयात थांबलो. नुरजामालला म्हणालो, "पोरी, माझ्या नावापुढचं खोड. मी बोललो ते खरं आहे, पण ते बोलायचा हक्क माझा नाही." तिनं कारण विचारलं. तिलाही सांगितलं. काल्मात तिथंच पेपर वाचत होता. म्हणजे आता गावालाही कळलं असेल. कळू दे.

आता तिचे शब्द. गेले दोन तास कोरा कागद समोर आहे. मी विसरलो असेन असं तुला वाटत असेल. त्यातला एक शब्दही विसरता आलेला नाही. माझं बोलणं लिहितो ते फक्त तिचं कळावं म्हणून.

ती पुलाच्या कठड्याला टेकून उभी होती. डोक्याला करडी शाल, पायात नवऱ्याचे मोठे बूट. मी "एजेनं मागितलं तरी नाही" म्हटलं तेव्हा ती आधी हसली. म्हणाली, "बेशेन असं म्हणाला? आमचा बेशेन?"

मी मान खाली घातली.

"वर काही भांडलात का तुम्ही?"

"नाही, एजे."

मग तिनं खाली नदीकडे बघितलं. पाण्याचा आवाज होता. ती म्हणाली, "त्याच्याही घरी खाणारी तोंडं आहेत. साल वाईट आहे. माणसाचा हात आखडतो." बेशेन, हे तिनं तुझ्यासाठी म्हटलं, माझ्यासमोर.

मी घोड्याला टाच मारली. पूल ओलांडून दहा पावलं गेलो असेन. तिनं मागून हाक मारली. मला वाटलं, आता शाप देणार. वळलो. तिनं शाल सावरली आणि जे बोलली ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं, तो तुझाच निरोप होता. सांगितला असता तर तू घोडा न बांधता तिच्याकडे पळाला असतास आणि मग मी उघडा पडलो असतो. म्हणून ठेवून घेतला.

ती म्हणाली, "त्याला सांग, एजेनं काही मागितलंच नाही. पण माझ्या तोंडावर नाही म्हणायला त्याला जड गेलं आणि त्यानं तुला मध्ये घातलं, याचं मला वाईट वाटलं म्हणावं. मी काही त्याच्या दारात विचारायला जाणार नाही, थोरली आहे मी. पण आज घरी पोचला की त्यानं माझ्याकडे यावं. उशीर झाला तरी चालेल, मी चहा चुलीवर ठेवते. मांसबिंस आणू नको म्हणावं. नुसता ये."

एवढंच बोलली. यातला एकही शब्द माझा नाही.

ओसमोनकुल